पैशाचे सोंग : टेबलटॉप खेळांतील रूपांतराचे नियम आणि समतोलाचा प्रश्न

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात ‘समतोल’ म्हणजे काय, हे स्पष्ट करता येईल.
• ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतील रूपांतराच्या नियमांची तुलना करता येईल.
• नलोपाख्यान आणि ‘चरणदास चोर’ यांच्या आधारे या नियमांचे मूल्यमापन करता येईल.

१. प्रस्तावना

मराठीत एक म्हण आहे : सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. राजाचा वेश करता येतो, राजाची चाल आणता येते. पण वाण्याचा हिशेब चुकता करायची वेळ आली आणि खिशात रुपया नसला, की सोंग तिथेच संपते. या पाठात आपण ही म्हण टेबलटॉप खेळांच्या नियमपुस्तकांना लावून पाहणार आहोत.

खेळाची ओळख थोडक्यात करून घेऊ. रायपूरच्या एखाद्या वसतिगृहात शनिवारी संध्याकाळी पाच जण एका टेबलाभोवती बसले आहेत, असे समजा. त्यातला एक गेम मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार. तो जग उभे करतो, शत्रू चालवतो, प्रसंग सांगतो. बाकीचे चौघे प्रत्येकी एक पात्र घेतात : कोणी तलवार चालवणारा फायटर, कोणी मंत्र टाकणारा विझार्ड, कोणी निसर्गाशी नाते असलेला ड्रुइड. ‘मी दार फोडतो’ असे खेळाडू म्हणतो आणि ते जमले की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर व पात्राच्या आकड्यांवर ठरते. या आकड्यांत सर्वांत महत्त्वाचे हिट पॉइंट. ते शून्यावर आले की पात्र कोसळते. थोडक्यात, हिट पॉइंट हा या खेळातला पैसा आहे.

आता ड्रुइडचा खेळाडू म्हणतो, ‘मी अस्वल होतो.’ इथे प्रश्न सुरू होतात. अस्वलाची ताकद त्याला मिळते का? अस्वलाचे हिट पॉइंट मिळतात का? मंत्र येतात का? बुद्धी कोणाची? गेली पन्नास वर्षे या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक आवृत्तीत बदलली आहेत. एवढ्या वेळा फिरून लिहावा लागलेला दुसरा नियम या खेळात क्वचितच सापडेल.

२. समतोल कशाचा?

आधी एक आक्षेप विचारात घेऊ. हा खेळ सहकाराचा आहे. चौघे एकाच बाजूने लढतात. मग एकजण जास्त बलवान झाला तर बिघडले कुठे?

बुद्धिबळात समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना जिंकण्याची सारखी संधी. इथे तसे नाही. इथे समतोल म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या निर्णयाला टेबलावर वजन असणे. चार तासांच्या बैठकीत फायटरच्या खेळाडूने काहीही ठरवले तरी निकाल अस्वलच लावणार असेल, तर तो हळूहळू गप्प होतो, मोबाइल पाहू लागतो आणि पुढच्या शनिवारी येत नाही. रूपांतराचा नियम इथे विशेष धोकादायक ठरतो, कारण रूप बदलणारा एकाच वेळी अनेकांची कामे करू शकतो. अस्वल होऊन तो फायटरचे काम करतो, मांजर होऊन हेराचे, पक्षी होऊन वाटाड्याचे. इतरांच्या वाट्याचे प्रसंग त्याच्याकडे जातात. म्हणून ‘रूपांतर किती प्रबळ असावे’ हा प्रश्न खरे तर ‘टेबलावर इतरांना जागा किती उरावी’ असा आहे.

३. सोंग आणि कायापालट : १९७४ ची मांडणी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच पुस्तिकांत रूपांतराचे दोन वेगळे मंत्र होते. एक स्वतःचे रूप बदलण्याचा, दुसरा दुसऱ्याचे. स्वतः ड्रॅगन झालेल्या जादूगाराला उडता येई, पण ड्रॅगनसारखे लढता येत नसे, आग ओकता येत नसे. दुसऱ्याला ड्रॅगन केले, तर मात्र त्याला ड्रॅगनच्या सगळ्या क्षमता मिळत. मन ड्रॅगनचे होईलच असे नव्हते.

मराठीत या दोहोंसाठी दोन चांगले शब्द आहेत. पहिले सोंग, दुसरा कायापालट. बहुरूपी पोलीस होऊन दारात येतो तेव्हा त्याला पोलिसाचा अधिकार मिळत नाही, आणि मिळावा अशी त्याची अपेक्षाही नसते. ते सोंग. शापाने अजगर झालेला नहुष खरोखर अजगर होतो, भीमाला विळखा घालतो. तो कायापालट. १९७४ च्या नियमाने हा भेद ओळखला होता आणि त्यात एक शहाणपण होते : जे स्वतःच्या इच्छेने, हवे तेव्हा घेता येते त्याची ताकद मर्यादित ठेवली. पुढच्या आवृत्त्यांत हा भेद पुसट झाला. खेळाडूला स्वेच्छेने घेतलेल्या सोंगातच कायापालटाची सगळी ताकद हवी होती आणि नियमांनी ती देऊ केली.

४. २००३ ते २००९ : गळती आणि डागडुजी

२००३ च्या साडेतीनव्या आवृत्तीत ड्रुइड पाचव्या लेव्हलला प्राण्याचे रूप घेऊ लागे. ताकद, चपळता यांसारखे शारीरिक आकडे प्राण्याचे येत, बुद्धी आणि शहाणपण स्वतःचे राही. वाचताना हे रास्त वाटते. परिणाम मात्र वेगळा झाला. पात्र घडवताना खेळाडूकडे गुण मोजकेच असतात. शरीराचे आकडे उद्या अस्वलाकडून मिळणार असतील, तर आज त्यांवर गुण खर्च कशाला करायचे? ड्रुइड आपले गुण शहाणपणात घालू लागला आणि शरीर उधारीवर घेऊ लागला. त्यात प्राण्याच्या रूपातही मंत्र टाकू देणारी ‘नॅचरल स्पेल’ ही क्षमता सहाव्या लेव्हलपासून मिळे. मग रूप घेतल्याने गमावले काय? जवळजवळ काहीच नाही.

त्यानंतर डागडुजी सुरू झाली. २००६ च्या एका पूरक पुस्तकात ड्रुइडसाठी मोजक्या ठराविक रूपांचा पर्याय आला. २००९ मध्ये चौथ्या आवृत्तीने दुसरे टोक गाठले : रूप बदलले तरी आकडे बदलणार नाहीत. ड्रुइड लांडगा झाला तरी त्याचे हिट पॉइंट, त्याचे संरक्षण तेच. त्याच वर्षी आलेल्या ‘पाथफाइंडर’ने मधला मार्ग काढला. त्यात प्राण्याचे आकडे पूर्णपणे घेता येत नाहीत. स्वतःच्या आकड्यांत रूपाच्या आकारानुसार ठरलेली भर पडते. म्हणजे मूळ शरीर दुबळे असेल तर अस्वलही दुबळेच. उधारीची सोय बंद झाली.

चौथ्या आवृत्तीवर ‘हे रूपांतर वाटतच नाही’ अशी टीका करता येते. पण आकडे न बदलता रूप बदलणे निष्प्रभ असते, असा सरसकट निष्कर्ष काढू नये. छत्तीसगढच्या पंडवानीत कलाकार एकच, हातातला तंबुरा एकच. तीजनबाईंच्या कापालिक शैलीत तोच तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात धनुष्य. तिथे कोणताही आकडा बदलत नाही, तरी समोर भीम उभा राहतो, कारण आवाज, चाल आणि नजर बदलते. चौथ्या आवृत्तीचा दोष आकडे न बदलण्यात नव्हता. बदललेल्या रूपात खेळाडूने वेगळे काय करायचे, याचे पुरेसे कारण तिने दिले नाही, हा तिचा दोष होता.

५. २०१४ : तिसऱ्या लेव्हलचा हिशेब

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘सर्कल ऑफ द मून’ या पंथाचा ड्रुइड दुसऱ्या लेव्हललाच तपकिरी अस्वल होऊ शकतो. विश्रांतींच्या मध्ये दोनदा, आणि तासाभराच्या छोट्या विश्रांतीनंतर पुन्हा दोनदा. अस्वलाचे ३४ हिट पॉइंट त्याला मिळतात. ते संपले की तो मूळ रूपात येतो, आणि उरलेला मार तेवढा मूळ शरीराला लागतो.

तिसऱ्या लेव्हलचे दोन सोबती घेऊन हिशेब मांडू. दोघांचीही शरीराच्या चिवटपणाची भर २ धरली आणि दर लेव्हलला पुस्तकातला ठरलेला आकडा घेतला, तर फायटरचे हिट पॉइंट २८ होतात आणि ड्रुइडचे २४. इथपर्यंत ठीक. पण ड्रुइडकडे दोन अस्वले आहेत. २४ + ३४ + ३४ = ९२. म्हणजे फायटरच्या तिपटीहून जास्त. हल्ल्यात अस्वल चावते आणि पंजाही मारते. दोन्ही लागले तर सरासरी १९ च्या आसपास मार बसतो. एका हातात तलवार घेतलेल्या फायटरचा एक वार ताकदीची भर ३ धरून सरासरी साडेसात.

न्याय्य टीका करायची तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अस्वलाचा आर्मर क्लास फक्त ११ आहे, साखळीच्या चिलखतातल्या फायटरचा १६. अस्वलाला मार जास्त वेळा लागतो, त्यामुळे ९२ चा पूर्ण लाभ मिळत नाही. अस्वलाच्या रूपात नवे मंत्र टाकता येत नाहीत. आणि पाचव्या लेव्हलला फायटरला दोन वार मिळतात, तेव्हा अंतर बरेच कमी होते. म्हणून ‘मून ड्रुइड नेहमीच भारी’ हे विधान चुकीचे आहे. तोल मुख्यतः सुरुवातीच्या लेव्हलला ढळतो, आणि मग विसाव्या लेव्हलला, जिथे रूपे घेण्याची मर्यादाच उठते आणि दर फेरीला नवे शरीर मिळू शकते. पण नवे खेळाडू सुरुवातीच्याच लेव्हलला खेळायला बसतात. फायटर घेऊन आलेल्या नवख्याला पहिल्या महिन्यात जे दिसते त्यावर तो खेळाबद्दलचे मत बनवतो.

दोष नेमका कुठे आहे? दाताच्या किंवा पंजाच्या आकड्यात नाही. अस्वलाचे दात, नाक, अंगाचा दरारा हे सगळे सोंगात बसते. पण त्याचे हिट पॉइंट हा खेळातला पैसा आहे. २०१४ च्या नियमाने पैशाचेही सोंग आणू दिले. रूप हे वेगळे जगणे राहिले नाही, अंगावर चढवलेला जादा जीव झाले.

याच पुस्तकातला ‘पॉलिमॉर्फ’ हा मंत्र आकड्यांनी याहून मोठा आहे. सातव्या लेव्हलच्या सोबत्याला महाकाय वानर करता येते. त्याचे हिट पॉइंट १५७. वरच्याच हिशेबाने सातव्या लेव्हलच्या फायटरचे ६०. तरीही हा नियम मला अधिक प्रामाणिक वाटतो. तिथे बुद्धीही वानराची येते, बोलता येत नाही, आणि मंत्र टाकणाऱ्याचे लक्ष विचलित झाले की रूप सुटते. म्हणजे किंमत आहे आणि ती मित्राच्या हातात आहे. उणीव एवढीच की वानराची बुद्धी प्रत्यक्ष खेळात कशी आणायची हे खेळाडूच्या मर्जीवर सोडले आहे. बरेचदा टेबलावर वानर फायटरइतक्याच हुशारीने डावपेच लढवते.

२०२४ च्या नव्या पुस्तकाने नेमकी पैशाची बाजू दुरुस्त केली. आता ड्रुइडचे हिट पॉइंट त्याचेच राहतात. रूप घेताना त्याच्या लेव्हलइतके तात्पुरते पॉइंट मिळतात, मून ड्रुइडला त्याच्या तिप्पट. तिसऱ्या लेव्हलला ते ९ होतात. दोन्ही रूपे धरून २४ + ९ + ९ = ४२. फायटरच्या २८ पेक्षा जास्तच, पण ९२ च्या निम्म्याहून कमी. हिशेबाच्या दृष्टीने ही सर्वांत चोख मांडणी आहे. मग प्रश्न मिटला का? माझ्या मते अर्धाच.

६. बाहुक : काय उरते, काय जाते

उरलेला अर्धा प्रश्न समजण्यासाठी वनपर्वातले नलोपाख्यान उपयोगी पडते. वणव्यातून वाचवलेला कर्कोटक नाग नलाला डसतो आणि नल कुरूप बाहुक होतो. या प्रसंगाकडे नियम म्हणून पाहा. जाते काय? राजाचे रूप, म्हणजे ओळख. उरते काय? अश्वविद्या आणि पाककला. परतीचा मार्ग? कर्कोटकाने दिलेली वस्त्रे अंगावर घेणे. शिवाय जे विष नलाला विद्रूप करते तेच त्याच्या अंगात शिरलेल्या कलीला जाळत असते, म्हणजे रूपाला एक कारणही आहे.

यातला प्रत्येक मुद्दा पुढे कथेत खर्ची पडतो. ओळख गेली म्हणून नल ऋतुपर्णाकडे सारथी राहू शकतो. अश्वविद्या उरली म्हणून रथ वेळेत विदर्भाला पोचतो. रथाचा आवाज आणि रांधलेल्या अन्नाची चव यांवरून दमयंतीचा संशय पक्का होत जातो. रूपांतराने नल बलवान होत नाही, तरी हे रूपांतर कोणत्याही अस्वलापेक्षा अधिक परिणामकारक आहे. कारण जे गेले त्याने प्रसंग निर्माण झाले आणि जे उरले त्याने ते सुटले.

२०२४ चा नियम ‘किती मिळाले’ हे नीट मोजतो. ‘काय गेले’ याबाबत तो जवळजवळ गप्प आहे. ड्रुइडची स्मृती, मन, उद्देश सगळे शाबूत राहते. तो अस्वल होतो आणि अस्वल असण्याचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही.

७. चरणदासची वचने : मर्यादा हीच कथा

‘बंधने घातली की मजा जाते’ असे खेळाडू म्हणतात. याचे उत्तर रायपूरच्याच एका नाटककाराकडे आहे. हबीब तनवीर १९२३ मध्ये रायपुरात जन्मले. त्यांचे ‘चरणदास चोर’ हे नाटक १९७५ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातला चोर गुरूसमोर थट्टेत चार वचने देतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरच्या मिरवणुकीत बसणार नाही, राजा होणार नाही, राणीशी लग्न करणार नाही. गुरू पाचवे मागून घेतो : खोटे बोलणार नाही. चोराला ही वचने फुकटची वाटतात, कारण असले प्रसंग त्याच्या आयुष्यात यायचेच नाहीत. आणि मग ते एकेक करून येतात. शेवटी राणीच विचारते, आणि वचन पाळल्याबद्दल चोराला मरावे लागते.

इथे शिकण्यासारखे हे की, ही बंधने चरणदासची ताकद कमी करत नाहीत. तो चोरीत तितकाच तरबेज राहतो. बंधने फक्त असे प्रसंग उभे करतात जिथे त्याला निवड करावी लागते. रूपांतराच्या नियमात अशी बंधने घातली तर? उदाहरणार्थ : अस्वल झालेल्याने मधाचा वास आला तर आधी तिकडे वळावे. पक्षी झालेल्याने संध्याकाळनंतर उडू नये. लांडगा झालेल्याने कळपातल्या जखमीला सोडून जाऊ नये. यांपैकी एकाही बंधनाने हिट पॉइंट कमी होत नाहीत. पण टेबलावरच्या इतरांना काम मिळते : कोणी अस्वलाला मधापासून ओढून आणतो, कोणी रात्री पक्ष्याऐवजी स्वतः टेहळणीला जातो. इतरांची जागा परत मिळते, आणि तीही ड्रुइडचा आनंद न हिरावता.

८. ओळखायचे कसे?

एक मुद्दा नियमपुस्तकांच्या हिशेबात फारसा येत नाही. खेळात कोणीही रूप बदलू शकत असेल, तर संशय कोणावरही घेता येतो. सूत्रधाराने शत्रूंच्या हाती ही विद्या दिली की खेळाडू प्रत्येक गावकऱ्याला बांधून चौकशी करू लागतात. म्हणून ओळखण्याचे नियम हाही समतोलाचाच भाग आहे.

नलोपाख्यानात याचेही उदाहरण आहे. स्वयंवरात चार देव नलाचेच रूप घेऊन बसतात. दमयंतीच्या प्रार्थनेनंतर देवांची लक्षणे दिसू लागतात : घाम नाही, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. लक्षणे रूप घेणाऱ्याच्या अंगावर आहेत, कोणालाही तपासता येतात, आणि तपासणीत कोणाला इजा होत नाही. चांगला नियम असाच असावा.

याउलट, पुराव्याशिवाय संशय हाच नियम झाला तर काय होते हे छत्तीसगढला ठाऊक आहे. ‘टोनही’, म्हणजे जादूटोणा करणारी, असा शिक्का मारून बायकांचा छळ होत असे, म्हणून राज्याने २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. एखाद्याला टोनही ठरवणे हाच त्यात गुन्हा आहे. महाराष्ट्रातही २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. आपल्या मातीतला खेळ रचायला निघालेल्या विद्यार्थ्याला ‘रूप बदलणारी टोनही’ हा तयार राक्षस वाटू शकतो. माझे मत स्पष्ट आहे : तो घेऊ नये. ड्रॅगनच्या नावाने कोणाला मारहाण होत नाही. या नावाने झालेली आहे.

९. समारोप

रूपांतराच्या कोणत्याही नियमाला तीन प्रश्न विचारावेत. काय मिळाले? काय गेले? आणि कोणाला कसे कळेल? २००३ चा नियम दुसऱ्या प्रश्नावर नापास होतो, २०१४ चा पहिल्यावर. २०२४ चा पहिल्यावर उत्तम उतरतो, पण दुसऱ्याला बगल देतो. तिसरा प्रश्न बहुतेक सूत्रधारावरच सोडलेला आहे. पैशाचे सोंग बंद करणे ही आवश्यक दुरुस्ती होती आणि ती झाली. पण सोंगाला अर्थ यायचा तर ते घेणाऱ्याला काहीतरी बाजूला ठेवावे लागते. ते काय असावे, हे प्रत्येक टेबलाने खेळाआधी बसून ठरवणे चांगले. त्या चर्चेत फायटरच्या खेळाडूचेही मत घ्यावे.

स्वाध्याय

१. ‘सोंग’ आणि ‘कायापालट’ यांतील फरक १९७४ च्या नियमांच्या आधारे स्पष्ट करा.
२. तिसऱ्या लेव्हलच्या फायटरची तुलना २०१४ आणि २०२४ च्या मून ड्रुइडशी करा. केवळ हिट पॉइंटची बेरीज पुरेशी का नाही, ते सांगा.
३. बाहुकाच्या रूपांतराचा नियम दहा ओळींत लिहा. काय जाते, काय उरते आणि परतीचा मार्ग कोणता, हे त्यात असावे.
४. आपल्या परिसरातील एका प्राण्याचे रूप निवडा आणि हिट पॉइंट न बदलता इतर खेळाडूंना काम देणारे एक बंधन सुचवा.